देव मानत नाही तरी प्रार्थना सुटत नाही, मग मी खोटा जगतोय का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी श्रद्धाळू घरात वाढलो. विशीत कधीतरी श्रद्धा गेली, एका दिवसात नाही, हळूहळू आणि काही भांडणबिंडण न होता. आता वर कोणीतरी आपलं ऐकतंय असं मला अजिबात वाटत नाही. अडचण आली तरी काही मागावंसं वाटत नाही. पण घरात सगळे मिळून प्रार्थना करतात तेव्हा मी बसतो, शब्द पाठ आहेत ते म्हणतो, आणि खरं सांगायचं तर ते म्हणताना मला बरं वाटतं. कधीकधी एकटा असतानाही म्हणतो. कुणाच्या धाकाने नाही.

हे सगळं नीट चालू होतं, पण मध्यंतरी सार्त्र, म्हणजे तो फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ, वाचायला घेतला आणि डोक्यात भुंगा लागला. त्याचं म्हणणं मला असं समजलं की माणूस आधी अस्तित्वात येतो आणि मग स्वतःला घडवतो, कोणी वरून साचा पाठवलेला नाही, आणि जो असा साचा आहे म्हणून जगतो तो स्वतःला फसवतो. त्याला तो 'बॅड फेथ' म्हणतो. आता या हिशोबाने मी तर डबल फसवतोय, कारण साचा नाही हे मला माहितीये आणि तरी मी तो धरून बसलोय! म्हणजे जो मनापासून मानतो तो निदान सरळ आहे, जो सोडून गेला तोही सरळ आहे, मधे लटकलेला मीच.

दुसरी गोष्ट, समजा सोडलं सगळं. मग म्हणे आपला अर्थ आपण निर्माण करायचा. पण मी आज निर्माण केलेला अर्थ मी उद्या मोडू पण शकतो ना, मग त्याला वजन कुठून येणार? धर्मात निदान असं होतं की अर्थ माझ्या आधीपासून होता आणि माझ्या नंतरही राहणार होता. हे नुकसान अस्तित्ववादी लोक मोजतात का, की 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य' करून पुढे जातात?

ज्यांनी हे नीट वाचलंय त्यांनी सांगा. धार्मिक राहून माणूस ऑथेंटिक, म्हणजे स्वतःशी खरा, असू शकतो का? आणि माझ्यासारख्याचं काय?

रातवा

अर्धविराम, प्रश्न छान मांडलायत. पण सार्त्र तुम्ही बहुतेक त्या प्रसिद्ध भाषणातून वाचलाय, 29 ऑक्टोबर 1945 चं पॅरिसमधलं, जे पुढच्या वर्षी पुस्तक म्हणून आलं. ते भाषण सोपं आहे म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि त्यातलं एकच वाक्य घेऊन परत येतात, अस्तित्व आधी आणि सार नंतर. त्या भाषणाच्या शेवटाकडे तो जे म्हणतो ते मात्र कोणी सांगत नाही. तो म्हणतो की आमचा अस्तित्ववाद देव नाही हे सिद्ध करण्यात शक्ती घालवणारा नाही, देव असता तरी काही फरक पडला नसता. हे वाक्य एका नास्तिकाचं आहे हे लक्षात घ्या. म्हणजे त्याच्या लेखी खरा मुद्दा देव आहे की नाही हा नाहीच, देव असला तरी त्याचं म्हणणं काय आहे हे ठरवणारे तुम्हीच असता हा आहे.

यासाठी तो त्याच भाषणात एक किस्सा सांगतो. युद्धकैदी असताना त्याला एक जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी पंथातला माणूस, भेटला होता. त्या माणसाचे वडील लहानपणीच गेले, घरात गरिबी, तरुणपणी प्रेमात अपयश, मग सैन्याच्या परीक्षेत नापास. हे सगळं त्याने खूण म्हणून वाचलं, की आपल्याला संसारी यश द्यायचं नाहीये, आपण देवाच्या कामासाठी आहोत. आणि तो संन्यस्त झाला. सार्त्र त्याची चेष्टा करत नाही. तो एवढंच म्हणतो की याच खुणा वाचून हा माणूस सुतार होऊ शकला असता किंवा क्रांतिकारक, खुणेचा अर्थ त्याने एकट्याने लावला आणि त्याची जबाबदारी पूर्ण त्याची आहे. म्हणजे बघा, तो जेझुइट जर म्हणाला की 'हो, मी असा अर्थ लावला आणि मी त्याला जबाबदार आहे', तर सार्त्रला त्याच्याशी फारसं भांडता येणार नाही. भांडण तेव्हा, जेव्हा तो म्हणेल की माझ्या हातात काही नव्हतंच, खूणच तशी होती.

आता तुमच्या 'डबल फसवणुकी'बद्दल. सार्त्रच्या 1943 च्या मोठ्या ग्रंथात बॅड फेथचं प्रकरण आहे, त्यातला कॅफेतला वेटर सगळ्यांना माहिती असतो, जो वेटर असण्याचं जरा जास्तच काटेकोर नाटक करतो. पण त्याच प्रकरणात अजून एक माणूस आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हा माणूस दुसऱ्याच्या मागे लागतो की 'तू जो आहेस तो आहेस हे एकदा कबूल करून टाक'. सार्त्र याला प्रामाणिकपणाचा कैवारी म्हणतो आणि दाखवतो की हाही बॅड फेथच आहे, कारण तो माणसाला वस्तू बनवतोय, टेबल जसं टेबल असतं तसा तू अमुक आहेस, विषय संपला. तुम्ही स्वतःच्या मागे हाच कैवारी लावून घेतलाय असं मला तुमची पोस्ट वाचून वाटलं. 'मी मुळात नास्तिक, तेव्हा प्रार्थना खोटी', हे म्हणतानाही तुम्ही स्वतःवर एक लेबल चिकटवून त्यामागे बसताय. माणूस तसा बंद डबा नसतो, त्याच्यात काल मानलेलं आणि आज न पटणारं दोन्ही असतं, आणि त्याचं पुढे काय करायचं हे रोज उघडंच असतं.

म्हणून माझ्या मते प्रार्थनेला बसणं ही फसवणूक नाही. 'घरच्यांमुळे बसावं लागतं' असं मनाशी म्हणत असाल तर ती फसवणूक आहे. 'मी बसतो, कारण मला बसायचंय' असं म्हणता येत असेल तर नाही.

पाऊलवाट

मी श्रद्धा असलेली बाई आहे, हे आधीच सांगते म्हणजे माझा कल लपणार नाही.

रातवा, तुमचं सार्त्रचं वाचन बरोबर आहे पण शेवटचा निष्कर्ष मला फार स्वस्त वाटला. 'मला बसायचंय' म्हटलं की सुटलो? अहो, मग आवड आणि श्रद्धा यात फरक काय राहिला!

हा सगळा विचार जिथून सुरू झाला त्या डॅनिश तत्त्वज्ञाकडे, किर्केगार्दकडे जाऊया ना. हा माणूस 1813 ते 1855, आयुष्य जवळपास सगळं कोपनहेगनमध्ये. त्याच्या डेन्मार्कमध्ये मूल जन्मलं, बाप्तिस्मा झाला की झालं ख्रिश्चन, चर्च सरकारी, पाद्री सरकारी पगारावर. त्याचा प्रश्न असा होता की जिथे सगळेच आयते ख्रिश्चन आहेत तिथे एखाद्याने खरोखर ख्रिश्चन व्हायचं कसं? म्हणजे ऑथेंटिसिटीचा प्रश्न नास्तिकांनी धर्माला विचारला असं लोकांना वाटतं, पण तो धर्माच्या आतून, एका कट्टर श्रद्धावान माणसाने आधी विचारलाय, सार्त्रच्या शंभर वर्षं आधी.

1846 च्या ग्रंथात (टोपणनावाने लिहिलाय, तो बरंच तसंच लिहायचा) तो दोन माणसं समोर ठेवतो. एक ख्रिश्चन देशात राहतो, देवाबद्दलची त्याची कल्पना अगदी बरोबर आहे, तो देवळात जातो, पण प्रार्थना करतो ती खोट्या मनाने. दुसरा मूर्तिपूजकांच्या देशात आहे, नजर मूर्तीवर आहे, पण प्रार्थना करतो ती सगळा जीव ओतून. आणि विचारतो, सत्य कुठे जास्त आहे? त्याचं उत्तर दुसऱ्याच्या बाजूने आहे. काय मानतो यापेक्षा कसं मानतो यावर त्याचा सगळा भर. अर्धविराम, या कसोटीवर तुम्ही कुठे बसता हे मी सांगणार नाही, तुम्हीच बघा. पण एवढं विचारते की तुम्ही प्रार्थना करता ती कोणाला उद्देशून? कोणालाच नसेल आणि नुसतं बरं वाटतं म्हणून असेल, तर किर्केगार्द ज्यावर तुटून पडला होता तो हाच प्रकार. देवाशिवायची सवय, ऊब देणारी.

आणि श्रद्धा ऊब देते हे पण त्याला मान्य नाही. बायबलमधल्या अब्राहमवरचं त्याचं 1843 चं पुस्तक वाचा. मुलाचा बळी दे असं देव सांगतो आणि अब्राहम निघतो, तिसऱ्या दिवशी तो डोंगर दिसतो. त्या सगळ्या वाटेवर तो कुणाशी हे बोलू शकत नाही, बायकोशी, म्हणजे साराशी नाही, नोकराशी नाही, मुलाशी, इसहाकशी तर नाहीच, कारण बोलायला लागणारी भाषा सगळ्यांची असते आणि त्याच्यावर आलेलं हे त्याच्या एकट्याचं आहे. नीतीच्या हिशोबाने तो खुनीच ठरतो. सार्त्र त्याच भाषणात याच गोष्टीवर विचारतो की तो आवाज देवदूताचाच आहे हे अब्राहमला कसं कळलं? बरोबर प्रश्न आहे. पण किर्केगार्दला हा प्रश्न माहीत नव्हता असं थोडंच आहे, तो म्हणेल ही खात्री नसणं हेच तर श्रद्धेचं ओझं. खात्री असती तर श्रद्धा कशाला लागली असती?

शेवटच्या वर्षभरात त्याने उघड उघड चर्चवर हल्ला चढवला, बिशप मिन्स्टर वारल्यावर त्यांना 'सत्याचा साक्षीदार' म्हटलं गेलं तिथून ते पेटलं, स्वतःच्या खर्चाने पत्रकं काढली, आणि मरणाच्या दारात असताना पाद्र्याच्या हातून अंतिम संस्कार घ्यायला नकार दिला कारण पाद्री म्हणजे राजाचे नोकर. देवावर विश्वास असलेला माणूस हे करत होता. धार्मिक राहून ऑथेंटिक असता येतं का याला यापेक्षा मोठं उत्तर मला माहीत नाही. पण किंमत बघा.

साधीसुधी

मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, कादंबऱ्यांमधून जे कळलं तेवढंच. अर्धविरामांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वजन कुठून येणार, याकडे अजून कोणी वळलंच नाही म्हणून लिहितेय.

फ्रेंच लेखक कामूची कादंबरी 'द प्लेग' (1947). तो स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेत नसे आणि किर्केगार्दच्या श्रद्धेच्या उडीला तर त्याने 1942 मध्येच तात्त्विक आत्महत्या म्हटलं होतं, तरी या चर्चेत त्याला बाहेर ठेवता येत नाही. अल्जीरियातल्या ओरान शहरात प्लेग आहे. फादर पानलू पहिलं प्रवचन देतात की ही शिक्षा आहे आणि ती तुम्ही ओढवून घेतली आहे. पुढे एका न्यायाधीशाचा लहान मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर, नवीन सीरम टोचूनही, तडफडून मरतो. डॉक्टर रिय चिडून त्यांना म्हणतो की हा तर निरपराध होता, तुम्हालाही ते माहितीये. नंतर दोघं बोलतात तेव्हा रिय जे म्हणतो त्याचा मतितार्थ असा की आपण दोघं एकाच कामासाठी राबतोय, आणि ते आपल्याला जोडतं, प्रार्थना आणि देवनिंदा यांच्या पलीकडे. त्यानंतरच्या दुसऱ्या प्रवचनात पानलू 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'आपण' म्हणतात. कामू हे एका ओळीत सांगून पुढे जातो पण मला ती सगळ्या पुस्तकातली सगळ्यात मोठी घटना वाटते.

आता वजनाचं. रियने अर्थ 'निर्माण' केला असं कुठे वाटतं का तुम्हाला? प्लेग त्याने आणला नव्हता. माणसं मरत होती हे त्याने ठरवलं नव्हतं. त्याने फक्त पाठ फिरवली नाही. अर्थ आपण बसून मनातून काढतो अशी जी समजूत झालीये ना, तिथेच गडबड आहे असं मला वाटतं, कारण मनातून काढलेलं मनातून पुसता येतं हे तुमचं खरंच आहे. पण समोर आलेलं, दुसऱ्याचं दुखणं, हातातलं काम, कुणाला दिलेला शब्द, हे आपल्या मनातलं नसतं. त्याला हो म्हणायचं की नाही एवढंच आपल्याकडे असतं. मग वजन बाहेरून येतं आणि होकार आतून. यासाठी देव लागतोच असं मला दिसत नाही. आणि देव असला तर अडचण होते असंही नाही, पानलू आणि रिय एकाच खोलीत काम करतातच की.

अर्धविराम

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिघांचेही मनापासून आभार.

रातवा, तो प्रामाणिकपणाचा कैवारी माझ्या डोक्यातून जात नाहीये. पाऊलवाट, 'कोणाला उद्देशून' याचं उत्तर मला देता आलं नाही, दोन दिवस विचार करतोय. देवाला नाही हे नक्की. बहुतेक बाजूला बसलेल्यांना असावी, किंवा ज्यांनी मला ते शब्द शिकवले आणि आता नाहीत त्यांना. ही प्रार्थना म्हणायची का काय म्हणायचं मला माहीत नाही.

पण आता खरं कारण सांगतो, हे सगळं आत्ताच का डोक्यात आलं ते. मुलगी मोठी होतेय. परवा तिने मला एकटं गाठून विचारलं की बाबा, तू हे सगळं खरंच मानतोस का? तिच्या आईची श्रद्धा पक्की आहे. मी म्हटलं आपण नंतर बोलू. ती 'बरं' म्हणून गेली पण तिने जसं बघितलं त्यावरून तिला काहीतरी कळलंय. आता तिला काय सांगू? खरं सांगितलं तर तिच्या हातातलं काहीतरी मी काढून घेतो, आणि नाही सांगितलं तर मी तिच्यासमोर रोज नाटक करणार. माझ्या एकट्यापुरता प्रश्न होता तोवर जमत होतं.

तिसरा_प्रहर

अर्धविराम, तुम्हाला उनामुनो या स्पॅनिश लेखकाची एक छोटी कादंबरी सांगतो, 'सान मान्वेल ब्वेनो, मार्तिर', 1931 ची. एका खेड्यातला धर्मगुरू, डॉन मान्वेल, ज्याला लोक जिवंतपणीच संत मानतात. दिवसरात्र लोकांसाठी राबतो, आजाऱ्यांजवळ बसतो, भांडणं मिटवतो. त्याचं गुपित एवढंच की मरणानंतर काही आहे यावर त्याचा विश्वास नाही. सगळं गाव एका आवाजात श्रद्धेची प्रतिज्ञा म्हणतं, आणि पुनरुत्थान आणि अनंत जीवन हे शब्द आले की त्याचा एकट्याचा आवाज थांबतो. गर्दीच्या आवाजात ते कुणाला कळत नाही. तुमची पहिली पोस्ट वाचताना मला तोच आठवला.

तो का लपवतो? त्याचं म्हणणं, हे सत्य इतकं भयंकर आहे की साध्या लोकांना ते कळलं तर ते जगू शकणार नाहीत. हे करुणेतूनच येतं, यात मला शंका नाही, उनामुनोलाही नसावी, त्याने त्याला शीर्षकातच संत आणि हुतात्मा केलंय. पण मी जितक्यांदा ते वाचलं तितकं मला एक खटकत गेलंय. हा माणूस सगळ्या गावाच्या वतीने ठरवतो की त्यांना काय झेपेल. स्वतः जाणतो आणि बाकीच्यांना कायमचं मूल ठेवतो. त्याचं प्रेम खरं आहे आणि तरी त्या प्रेमात समोरच्याबद्दल एक अविश्वास आहे.

इथे फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हार कामाला येते. सार्त्रने नीतीबद्दल लिहीन म्हणून ठेवलं आणि तिने 1947 मध्ये ते लिहून दाखवलं. ती म्हणते की मूल एका तयार जगात वाढतं, तिथे चांगलं वाईट हे झाडं आणि दगडांसारखं ठाम असतं आणि मोठी माणसं देवांसारखी वाटतात. यात वाईट काही नाही, मुलाला तो निवारा लागतो. मग एक वय येतं, मूल विचारायला लागतं की असं का करायचं, नाही केलं तर काय होईल, मोठ्यांच्या बोलण्यातल्या विसंगती त्याला दिसायला लागतात, आणि ते तयार जग तडकतं. तुमची मुलगी बहुतेक त्या दारात उभी आहे. बोव्हारचा रोख त्या मोठ्यांवर आहे जे ही तडक दिसली तरी परत त्याच ठाम जगात जाऊन दडतात, त्यांना ती गंभीर माणूस म्हणते, म्हणजे जो एखाद्या ध्येयाला किंवा संस्थेला किंवा धर्माला, नास्तिकपणालासुद्धा, स्वतःपेक्षा मोठी वस्तू करून तिच्याआड राहतो. आणि तिचं मुख्य म्हणणं असं की स्वतःचं स्वातंत्र्य खरोखर हवं असेल तर दुसऱ्याचंही हवं असावं लागतं, एकट्याचं मोकळं होणं असं काही नसतं.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण वर सगळी चर्चा 'मी ऑथेंटिक आहे का' यावरच चाललीये आणि मला ती अपुरी वाटते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने 1927 मध्ये गर्दीच्या मताने जगणं आणि स्वतःचं होऊन जगणं यावर जे लिहिलं ते अजून कुणाला तितक्या खोलात जमलेलं नाही. आणि हाच माणूस मे 1933 मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. त्याच्या तत्त्वज्ञानाचा आणि या निर्णयाचा नेमका संबंध काय यावर विद्वान अजून भांडतायत, पण मला त्यातून एवढं दिसतं की स्वतःशी खरं असणं ही गोष्ट माणसाला आपोआप चांगलं करत नाही. दृढ निश्चय कशाबद्दल, कोणाला पायदळी घेऊन, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. म्हणून तुमचा प्रश्न मुलीपाशी आल्यावर अवघड झाला असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं तो तिथे आल्यावर बरोबर प्रश्न झाला.

भिंगरी

एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून थोडक्यात. ऑथेंटिक जगायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. अर्धविराम घरात सांगू शकतात, फार तर चार दिवस तणाव राहील. पण ज्या माणसाचं राहणं, खाणं, लग्न, पोरंबाळं सगळं त्या समाजाच्या हातात आहे, त्याने किंवा तिने उद्या उठून 'मी मानत नाही' म्हणायचं तर ते सगळं पणाला लागतं. अशा बाईला जाऊन बॅड फेथ म्हणणं हा सरळ अन्याय आहे. बोव्हारने हे मांडलंय, की काहींना त्यांचं स्वातंत्र्य दिसूच नये अशी व्यवस्था करून ठेवलेली असते आणि तिथे दोष त्यांना देता येत नाही. खुद्द तिची श्रद्धा शाळकरी वयात गेली आणि ती काही काळ आईपासून लपवून वावरत होती, तिच्या आठवणींच्या पुस्तकात (1958) आहे ते. तेव्हा लपवणं म्हणजे नेहमीच पळणं नसतं. कधीकधी ते टिकून राहणं असतं.

रातवा

भिंगरी, हे मान्य. 1945 च्या सार्त्रला पण हे सुनावायला हवं होतं, तो परिस्थितीबद्दल बोलतो खरा पण त्या काळात तरी परिस्थितीचं ओझं कमीच लेखतो. नंतर त्याने स्वतःच हे बरंच बदललं.

अर्धविराम, ज्यांनी शब्द शिकवले त्यांना उद्देशून, हे तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलीला तेवढंच सांगता येईल की. मी देव मानत नाही पण आजी आजोबांचे शब्द म्हणायला मला आवडतं. संपलं. मुलांना एवढं समजतं.

पाऊलवाट

रातवा, परत तुम्ही घाई करताय असं मला वाटतं. 'संपलं' असं ते संपत नाही. ती लगेच विचारेल, मग आई खोटं मानते का? आणि तिथे बाबांनी हो म्हटलं तर एक झालं, नाही म्हटलं तर दुसरं.

अर्धविराम, मी आधी जरा कठोर विचारलं होतं, त्यातलं मागे घेत नाही, पण तुमचं उत्तर वाचून त्यात भर घालते. गाब्रियेल मार्सेल हा फ्रेंच तत्त्वज्ञ, जो 1929 मध्ये कॅथलिक झाला, त्याने निष्ठेबद्दल बराच विचार केलाय. तो विचारतो की मी शब्द देतो तेव्हा नक्की कशाचा देतो? उद्या मला आजच्यासारखंच वाटेल याचा तर देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. मग निष्ठा ही भावनेशी नसते, ती समोरच्या व्यक्तीशी असते, आणि ती रोज नव्याने घडवावी लागते, नाहीतर ती नुसती चिकाटी होते. तुम्ही गेलेल्या माणसांशी जे करताय ते मला याच्या जवळचं वाटतं. माझ्या दृष्टीने ते श्रद्धेच्या उंबरठ्यावरचं आहे, तुमच्या दृष्टीने नसेल, त्यावर मी वाद घालणार नाही.

मुलीचं म्हणाल तर एक श्रद्धावान आई म्हणून सांगते. माझ्या मुलांच्या बाबांनी मला न विचारता मुलांना हे सांगितलं असतं तर मला त्यांच्या न मानण्याचा त्रास झाला नसता, ते मला सगळ्यात शेवटी कळलं याचा झाला असता. तुमच्या दोन्ही पोस्टमध्ये बायकोला हे माहिती आहे असं कुठेच आलेलं नाही. आधी तिच्याशी बोला. ती घाबरेल असं गृहीत धरू नका, ते मान्वेल धर्मगुरूंचंच झालं. पॉल टिलिख म्हणून धर्मतत्त्ववेत्ता होता, त्याने 1957 मध्ये लिहिलंय की शंका हा श्रद्धेचाच भाग आहे, तिच्या विरुद्ध नाही, आणि ज्यांची श्रद्धा पक्की असते त्यांना हे बहुतेक वेळा आपल्यापेक्षा आधी माहिती असतं.

मग मुलीसमोर दोघांनी मिळून बसा. आई मानते, तिला विचार का मानते. बाबा मानत नाही, त्याला विचार का मानत नाही आणि तरी का बसतो. दोघांनी एकमेकांसमोर उत्तरं द्यायची, दुसऱ्याचं उत्तर दुरुस्त करायचं नाही. तुला आज ठरवायची गरज नाही हेही स्पष्ट सांगा. आणि काही झालं तरी 'आईला सांगू नकोस' हे वाक्य तिला म्हणू नका. प्रश्न तिने सरळ विचारलाय, तो लपवायचं काम तिच्या डोक्यावर नको.